मराठा आरमार आणि घाटवाटा : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात

मराठा आरमाराच्या उदयाचे विवेचन बहुधा जलदुर्गांपासून सुरू होते व तेथेच संपते. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा, खांदेरी ही नावे सर्वपरिचित आहेत. मात्र समुद्रकिनारा नसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांचा या इतिहासाशी असलेला संबंध तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे.

हा संबंध मूलतः भौगोलिक आहे. कर्जतची उल्हास नदी कल्याणकडे जाते, तर खालापूरची पाताळगंगा आणि उंबरखिंडीजवळून वाहणारी अंबा या धरमतरच्या खाडीस मिळतात. बोरघाट, कुसूर घाट यांसारख्या वाटांनी देशावरील माल कल्याण, पनवेल, नागोठणे या बंदरांकडे उतरत असे. साहजिकच ज्यास बंदर राखावयाचे, त्यास घाटही राखणे भाग होते.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली व तेथील खाडीत जहाजबांधणीस प्रारंभ केला. १६५९ मध्ये रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज कारागीर या कामावर होता. वसईच्या पोर्तुगीजांनी त्यास फोडले. याहून मोठे संकट घाटावरून आले. शाइस्तेखानाने उत्तर कोकणावर पाठविलेल्या कारतलबखानास २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शरण यावे लागले. या विजयाचे वर्णन गनिमी काव्याचा नमुना म्हणून नेहमी केले जाते. तो बंदरांच्या रक्षणाचाही लढा होता, हे क्वचितच सांगितले जाते. अर्थात हे रक्षण पुरे पडले नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोगलांनी कल्याण घेतले. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली, ती या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी.

घाट आणि समुद्र यांचे नाते सर्वाधिक स्पष्ट होते ते कान्होजी आंग्रे यांच्या राजकारणात. १७१३ मध्ये त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले आणि लोहगड, राजमाची हे घाटमाथ्यावरील किल्ले घेतले. पुढे बाळाजी विश्वनाथ यांनी घडवून आणलेल्या तहात कान्होजींनी जिंकलेला मुलूख परत केला, पेशव्यांना सोडले आणि सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले कायम करून घेतले. परत न केलेले एकच ठाणे होते, ते म्हणजे राजमाची. आरमाराच्या प्रमुखाने डोंगरी किल्ल्याचा एवढा आग्रह का धरावा? राजमाचीवरून बोरघाटावर नजर राहते आणि कोंढाणे लेण्यांकडील वाटेने थेट कर्जतच्या खोऱ्यात उतरता येते. कुलाब्यावर देशावरून चालून येणाऱ्या फौजेस अडविण्याची जागा अलिबागेस नसून येथे होती.

कान्होजींच्या पश्चात भाऊबंदकी माजली. १७३० च्या दशकात राजमाची पेशव्यांकडे गेला व आंग्र्यांची ही घाटावरील चौकी संपली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्रे यांचे आरमार इंग्रजांच्या माऱ्यात जळाले, त्या वेळी जमिनीच्या बाजूने उभी असलेली फौज पेशव्यांची होती.