डेव्हलपमेंट बोर्डावरील सूचक दिवे आणि लिनक्स कर्नल

पडदा न जोडलेल्या डेव्हलपमेंट बोर्डाची अवस्था प्रथमतः कळते ती त्यावरील लहानशा दिव्यांवरून. ‘बीगलबोन ब्लॅक’ या बोर्डावर असे चार दिवे आहेत. लिनक्समधील रूढ योजनेनुसार पहिला कर्नलचे स्पंदन दर्शवितो, दुसरा मायक्रोएसडी कार्डाचा वापर, तिसरा प्रोसेसरची कार्यमग्नता व चौथा बोर्डावरील ईएमएमसी स्मृतीचा वापर.

हे अर्थ दिव्यांच्या अंगचे नव्हेत. २००६ साली लिनक्स कर्नलमध्ये अंतर्भूत झालेल्या दिव्यांच्या उपप्रणालीने दोन प्रश्न विभक्त केले : दिवा कसा पेटवावयाचा आणि केव्हा पेटवावयाचा. पहिला प्रश्न ड्रायव्हरचा; कोणता दिवा कोणत्या पिनेस जोडलेला आहे, हे त्यास ‘डिव्हाइस ट्री’वरून कळते. दुसरा प्रश्न ‘ट्रिगर’चा. दिव्याच्या ट्रिगर-फाइलीत दुसऱ्या उपलब्ध ट्रिगरचे नाव लिहिताच, कर्नल पुन्हा न बांधता, त्याच दिव्याचा अर्थ पालटतो.

तथापि अर्थ लावताना विवेक हवा. ‘हार्टबीट’ ट्रिगर कर्नलच्या टायमरवर चालतो. प्रणालीवरील सरासरी भार शून्य असता स्पंदनाचा आवर्तनकाल १२६० मिलिसेकंद असतो. भार १ झाल्यास ८६०, तर ५ झाल्यास ५१० मिलिसेकंद. कर्नल ‘पॅनिक’ अवस्थेत गेल्यास दिवा विझतो. परंतु एखादा उपयोजन-प्रोग्राम अडकून पडला, तरी स्पंदन पूर्ववत चालूच राहते. प्रयोगातील मापने थांबलेली असताना दिवा मात्र लुकलुकत असतो, तो यामुळेच. सबब मापन करणाऱ्या प्रोग्रामची ग्वाही हवी असल्यास एक दिवा ट्रिगरमुक्त करून त्याची उघडझाप त्या प्रोग्रामकडेच सोपविणे इष्ट होय.