पेरणी झाल्यावर बदललेला नियम

गणेश चतुर्थीला खानदेशात कापूस खरेदीचा मुहूर्त होतो. धरणगाव, बोदवडसारख्या गावांत व्यापारी काट्याची पूजा करतात, पहिल्या वेचणीचा थोडासा ओलसर कापूस काट्यावर चढतो आणि त्याला मिळालेल्या भावाची चर्चा जळगाव-धुळ्याच्या गावागावांत होते. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली. भारतीय मालावरचे ५० टक्के अमेरिकी शुल्क त्याच दिवशी लागू झाले. दुसऱ्या दिवशी केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरची शुल्कमाफी वाढवली. आधी ती १९ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर एवढीच होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत गेली. वॉशिंग्टन आणि दिल्लीच्या या दोन निर्णयांचा चोपडा, पारोळा किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याशी थेट संबंध आहे. तो नीट समजून घेतला, तर तक्रार नेमकी कशाबद्दल असावी हेही स्पष्ट होते.

आधी हे शुल्क काय आहे ते पाहू. २०२१च्या अर्थसंकल्पात परदेशी कापसावर ५ टक्के सीमाशुल्क, ५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि त्यावर अधिभार असे मिळून ११ टक्के शुल्क बसवले गेले. ते पहिल्यांदा माफ झाले एप्रिल २०२२ मध्ये. त्या वर्षी कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता आणि मे महिन्यात रुईची (सरकी काढलेल्या कापसाची) खंडी लाखाच्या पुढे गेली. सूत गिरण्यांना कच्चा माल परवडेना, तेव्हा दार उघडणे समजण्यासारखे होते. शिवाय बहुतेक शेतकऱ्यांचा माल तोवर विकला गेला होता. २०२५ची स्थिती अगदी उलट होती. बाजारभाव हमीभावाच्या खाली होता आणि नवा कापूस घरात यायचा होता. भाव आभाळाला भिडला तेव्हा जो उपाय केला, तोच भाव पडलेला असताना केला गेला. म्हणजे हे दार कधी उघडायचे आणि कधी लावायचे, याचा ठरलेला नियमच नाही.

आता ११ टक्के म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबात किती, ते मांडून बघू. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३४ किलो रुई निघते आणि बाकीची मुख्यतः सरकी. म्हणजे एका खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. समजा, परदेशी रुई बंदरावर खंडीला ५० हजार रुपयांनी पडली, तर तिच्यावरचे शुल्क साडेपाच हजार रुपये होते. हे साडेपाच हजार साडेदहा क्विंटलांवर वाटले, की क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांच्या आसपास रक्कम येते. शुल्क गेले म्हणून भाव तेवढाच पडतो असे नाही. परदेशी मालाची प्रत, वाहतूक, डॉलरचा दर आणि सरकीचा भाव यांचाही त्यात वाटा असतो. पण गिरणीमालक जिनिंगवाल्याशी आणि जिनिंगवाला शेतकऱ्याशी भाव ठरवताना हाच आकडा डोक्यात ठेवतो. २०२५ मध्येच लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ वरून ८,११० झाला, म्हणजे वाढ ५८९ रुपयांची. मे महिन्यात एका हाताने जेवढे दिल्याचे जाहीर झाले, जवळपास तेवढाच आधार ऑगस्टमध्ये बाजारातून काढून घेतला गेला.

खरी अडचण या तारखांच्या क्रमात आहे. मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव २८ मे रोजी मंजूर केले. हमीभाव पेरणीआधी जाहीर करायचा तो एवढ्यासाठीच, की शेतकऱ्याने तो पाहून कापूस, मका की सोयाबीन हे ठरवावे. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यात ज्यांच्याकडे विहिरीचे पाणी आहे, ते जूनच्या सुरुवातीलाच ठिबकवर पूर्वहंगामी कापूस लावतात. कोरडवाहू शेतकरी पहिल्या चांगल्या पावसावर सरकी टोबतो. ऑगस्टच्या मध्यापर्यंत बियाणे, खत, फवारणी, निंदणी असा बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. व्यापाऱ्याने सौदा ठरवून माल उचलताना भाव पाडला, तर आपण त्याला विश्वासघात म्हणतो. सरकारकडून अशी अपेक्षा कुणी करत नाही, पण पेरणीनंतर आयातीचा नियम बदलला की परिणाम तोच होतो. शेतकऱ्याला तेव्हा पीक बदलता येत नाही.

यावर वस्त्रोद्योगाची बाजू आहे आणि ती पोकळ नाही. बांगलादेश किंवा व्हिएतनामच्या गिरण्यांना कापूस जागतिक भावाने मिळतो. भारतीय गिरणीने ११ टक्के जास्त का मोजावेत? त्यात अमेरिका ही आपल्या कापडाची आणि तयार कपड्यांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक. तिथे ५० टक्के शुल्क लागले की तिरुपूरपासून इचलकरंजीपर्यंत कामगारांच्या पगारावर गदा येते. आणि गिरण्या बंद पडल्या, तर कापूस घ्यायचा कुणी? हे सगळे मान्य. पण निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल विनाशुल्क आणण्याची सोय आगाऊ परवान्याच्या योजनेत आधीपासूनच होती. अतिरिक्त लांब धाग्याचा कापूस आपल्याकडे कमी पिकतो म्हणून त्याचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढले गेले होते. निर्यातदाराला आधार द्यायचा, तर त्याचे कर्ज, व्याज आणि परतावा यांत देता आला असता. तो सगळ्या देशाने मिळून द्यायचा आधार आहे. सरसकट शुल्कमाफीने त्याचा भार वेचणीला आलेल्या शेतावर टाकला.

दुसरा आक्षेप असा, की बाजारभाव पडला तरी हमीभाव आहे आणि सीसीआय, म्हणजे भारतीय कपास निगम, त्या भावाने खरेदी करतेच. हेही अर्धे खरे आहे. २०२४-२५ मध्ये सीसीआयने सुमारे एक कोटी गाठींचा कापूस घेतला, ही लहान गोष्ट नव्हे. पण केंद्रावर गाडी लागली की आधी ओलावामापक कापसात खुपसला जातो. ओलावा ८ टक्क्यांच्या आत असेल तर पूर्ण भाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. पहिल्या वेचणीचा कापूस, त्यात परतीचा पाऊस, म्हणजे ओलावा जास्त असणारच. त्यात २०२५ पासून ॲपवर नोंदणी आली. सातबारा आणि पीक पेरा लागतो, त्यामुळे बटाईने शेत करणारा पुष्कळदा त्यात बसत नाही. सीसीआयची केंद्रे सुरळीत चालू व्हायला बहुधा दिवाळी उलटते आणि मजुरी, दुकानदाराची उधारी, दिवाळीचा खर्च तोवर थांबत नाही. मग दारात आलेल्या खेडा खरेदीच्या गाडीत कापूस हमीभावापेक्षा हजारभर कमी भावाने जातो. पडलेल्या बाजाराचा फटका बसतो तो याच विक्रीला, आणि छोट्या शेतकऱ्याची विक्री जास्त करून हीच असते. त्यातच, शुल्क गेल्यावर सीसीआयने स्वतःकडच्या गाठींचे विक्रीदरही उतरवले. एक खाते महाग घेणार आणि दुसऱ्या खात्याच्या निर्णयामुळे ते स्वस्त विकावे लागणार, हा तोटा शेवटी करदात्याच्याच खिशातून जातो.

तिसरा मुद्दा मात्र शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही मनावर घ्यायला हवा. आपली रुईची उत्पादकता हेक्टरी साडेचारशे किलोंच्या आसपास घुटमळते. जगाची सरासरी आठशेच्या घरात आहे आणि ब्राझील आपल्या चौपट काढतो. गुलाबी बोंडअळीने बीटी वाणाचा आधार मोडला, आणि २०१७ मध्ये महाराष्ट्राने तिचा तडाखा सोसला. एवढ्या कमी उत्पादनावर कोणतेही शुल्क शेतकऱ्याला कायमचे तारणार नाही. २०२५च्या अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांची मोहीम जाहीर झाली, ती याच कारणाने योग्य आहे. पण चांगले बियाणे, अळीचे नियंत्रण, कोरडवाहू शेताला एक-दोन संरक्षित पाणी हे सगळे उभे राहायला वर्षे लागतात. शुल्क तोवरचा आधार आहे. नवी भिंत उभी राहण्याआधीच टेकू काढून घेणे शहाणपणाचे नाही.

म्हणून मागणी आयात कायमची बंद करण्याची नसावी. १८६०च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने खानदेशच्या कापसाला एकदम वर नेले आणि ते युद्ध संपताच खाली आणले. तेव्हापासून इथला भाव जगाशी जोडलेलाच आहे, आणि ते नाते तोडता येणार नाही. मागणी नियमाची असावी. देशातला बाजारभाव हमीभावाच्या ठरावीक टक्के वर जाऊन काही आठवडे टिकला, तरच शुल्क कमी व्हावे. भाव हमीभावाखाली असेल, तर ऑक्टोबर ते जानेवारी या आवकेच्या काळात शुल्काला हात लागू नये. सीसीआयची केंद्रे वेचणीबरोबर उघडावीत, आणि ओल्या कापसाची गाडी परत पाठवण्याआधी तो वाळवण्याची सोय बाजार समितीच्या आवारात असावी. यात गिरणीवाल्याचाही फायदा आहे, कारण कच्चा माल कधी स्वस्त होईल हे त्यालाही आधी कळेल. खरिपाआधी हमीभावाचा तक्ता छापला जातो, त्याच तक्त्यात त्या हंगामाच्या आयातशुल्काचा नियमही छापावा. पुढच्या चतुर्थीला काट्याची पूजा होईल तेव्हा भाव चढाही असेल किंवा पडलेलाही, पण तो कोणत्या नियमावर ठरला हे पेरणी करणाऱ्याला तीन महिने आधीपासून माहीत असेल.