ढोल असो की ड्रम, घ्यावा पारखून

गणपती जवळ आले की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत संध्याकाळच्या वेळी ढोल-ताशांचा सराव ऐकू येऊ लागतो. अनेक शाळांतून ढोलाच्या जोडीला आता ड्रमसेटही आला आहे. वाद्य घ्यायचे ठरले की वाद सुरू होतो. एकाला यामाहा हवा असतो, दुसऱ्याला पर्ल. तिसरा म्हणतो, नावाला काय करायचे, स्वस्तातले घ्या. शाळेचा निधी तुटपुंजा असतो. त्यातून घेतलेले वाद्य नीट निघाले नाही तर ते अडगळीच्या खोलीत जाऊन पडते आणि दुसरे घेण्यास पैसे उरत नाहीत. म्हणून या वादात पदार्थविज्ञानाचे मत काय पडते ते पाहू.

आवाज कशाचा?

ढोलाचा आवाज मुख्यतः त्याच्या पानाचा, म्हणजे ताणून बसवलेल्या पडद्याचा असतो. हा पडदा किती उंच स्वर देईल हे तीन गोष्टींवर ठरते : व्यास, ताण आणि पानाच्या एक चौरस मीटर तुकड्याचे वस्तुमान. गोल पडद्यासाठी सूत्र असे आहे :

कंपनसंख्या = (०.७६५ ÷ व्यास) × √(ताण ÷ दर चौरस मीटरचे वस्तुमान)

एक उदाहरण घेऊ. १४ इंची, म्हणजे ०.३५६ मीटर व्यासाचे पान आहे. ते पाव मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरचे आहे. त्याचे दर चौरस मीटरचे वस्तुमान सुमारे ०.३५ किलोग्रॅम भरते. कडेच्या प्रत्येक मीटर लांबीवर २,००० न्यूटन ताण दिला, तर कंपनसंख्या दर सेकंदास सुमारे १६० येते. प्रत्यक्षात पानाबरोबर भोवतालची हवाही हलते, त्यामुळे ती याहून थोडी कमी असते.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. त्यात कंपनीचे नाव नाही, लाकडाची जातही नाही! ताण चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते, मग ढोल कोणाचाही असो.

तारेच्या वाद्यात मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर मिसळलेले असतात. साध्या गोल पडद्यात मात्र हे प्रमाण १.५९, २.१४, २.३० असे विस्कळीत असते. म्हणून ढोलाला नाद असतो, पण सतारीसारखा निश्चित सूर नसतो. तबला आणि मृदंग यांच्या पानावरील शाईचा थर हे प्रमाण जुळवून आणतो. हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासह मांडले आणि १९३४ साली सविस्तर दाखवून दिले. त्यांच्या निष्कर्षानुसार पडद्याची नऊ प्रकारची कंपने शाईमुळे पाच सुरेल गटांत बसतात. आपल्या कारागिरांनी हे काम केवळ कानाच्या आधाराने साधले होते.

चामडे की प्लॅस्टिक?

गणेशोत्सव येतो भाद्रपदात, म्हणजे ऐन दमट हवेत. चामडे हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे ते जड होते आणि सैलही पडते. सूत्रात वरचा ताण कमी झाला आणि खालचे वस्तुमान वाढले, तर स्वर दोन्ही बाजूंनी खाली येणार. पावसाची सर आल्यावर चामड्याचा ढोल 'बसतो' तो यामुळेच.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषत नाही. १९५७ साली अमेरिकेत रेमो बेली यांनी या पदार्थाची पाने बाजारात आणणारी रेमो ही कंपनी काढली. आज जगातील बहुतेक ड्रमसेटांवर अशीच पाने असतात आणि आपल्याकडील पथकांतही कृत्रिम पाने सर्रास दिसतात. चामड्याचा गुण वेगळा आहे. त्याच्या आतील घर्षणामुळे वरचे कर्कश स्वर लवकर विरतात आणि आवाज गोल, घुमारदार वाटतो. प्लॅस्टिकचा आवाज टणक व झणझणीत असतो. भर पावसात मिरवणुकीला जायचे असेल तर प्लॅस्टिक बरे. कोरड्या हवेत, बंदिस्त सभागृहात चामड्याची गोडी अधिक.

मग कंपन्यांत फरक कशाचा?

अमेरिकेतील लुडविग ही कंपनी १९०९ साली शिकागोत सुरू झाली, ती पायाने ढोल वाजवायच्या पेडलपासून. जपानमधील पर्ल १९४६ साली सुरू झाली, ती स्वरलिपीची पाने ठेवण्याच्या धातूच्या घोड्यांपासून. यामाहाने ड्रम बनवण्यास १९६७ साली आरंभ केला. होशिनो कंपनीचे टामा हे नाव १९७४ सालचे. पहिल्या दोन कंपन्यांची सुरुवात धातूकामातून झाली, हे लक्षात ठेवा. कारण ड्रमचा खरा कस धातूकामातच लागतो.

आपल्या उदाहरणातील पानाचा परीघ १.१२ मीटर आहे. प्रत्येक मीटरला २,००० न्यूटन, तर एकूण ओढ सुमारे २,२४० न्यूटन झाली. हे सव्वादोन क्विंटलांहून थोडे अधिक वजन झाले! कडेला आठ स्क्रू असतील तर प्रत्येकावर सुमारे २८ किलोग्रॅम भार पडतो. शिवाय वर काठीचे तडाखे बसतात ते वेगळेच. नळकांडे थोडे जरी लंबगोल असेल, त्याची कड सपाट नसेल किंवा स्क्रूचे आटे ढिले असतील, तर ताण सगळीकडे सारखा राहत नाही.

ताण असमान झाला की काय होते? पडद्याचे एक कंपन असे असते की एका व्यासाच्या दोन बाजू आळीपाळीने वर-खाली होतात. ताण समान असेल तर हा व्यास कोणत्याही दिशेने घ्या, कंपनसंख्या तीच येते. ताण असमान असेल तर एका दिशेने २५० आणि दुसऱ्या दिशेने २५४ असे दोन स्वर निघतात. मग दर सेकंदास चार वेळा आवाज चढ-उतार करतो. यालाच विस्पंद म्हणतात. वादक म्हणतो, 'ड्रम थरथरतो.'

नळकांड्याच्या लाकडाचा परिणाम मुळीच नसतो असे नाही. मेपल आणि बर्च ही महागड्या संचांत नेहमी वापरली जाणारी लाकडे. पातळ किंवा लवचिक नळकांडे पानाची थोडी ऊर्जा स्वतःच खाऊन टाकते. ताठ नळकांडे ती पानाकडे राहू देते. परंतु पान आणि ताण यांच्यापुढे लाकडाचा वाटा लहानच.

किमतीचे म्हणाल तर साधा संच काही दहा हजार रुपयांत येतो आणि व्यावसायिक वादकाचा काही लाखांवर जातो. सर्वच मोठ्या कंपन्या दोन्ही प्रकारचे संच करतात. माझ्या मते एकाच किमतीच्या दोन कंपन्यांच्या संचांत जेवढा फरक असतो, त्याहून एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग संचांत जास्त असतो. म्हणून नुसते नाव पाहून पैसे मोजू नयेत. दणकट स्टँड, खरे गोल नळकांडे आणि नीट फिरणारे स्क्रू यांना पैसे मोजावेत. पान नंतरही बदलता येते आणि त्याचा खर्च संपूर्ण संचाच्या मानाने अगदी थोडा असतो.

ज्या पट्ट्यात मोटारींचे भाग शतांश मिलिमीटरच्या हिशेबाने कापले जातात, तिथल्या मुलांना ही पारख जड जाऊ नये. घरी कोणी लेथवर किंवा तपासणी विभागात कामाला असेल, तर त्यांनाच दुकानात सोबत न्यावे!

पारख करण्याच्या तीन कसोट्या

१. पान काढायला लावून नळकांड्याचा व्यास चार दिशांनी मोजा. चारही मापे सारखी यायला हवीत. मग ते सपाट काचेवर पालथे ठेवून आत विजेरी लावा. कडेखालून प्रकाश डोकावला तर कड सपाट नाही.

२. पान बसवून मध्यावर बोट हलके टेकवा आणि प्रत्येक स्क्रूजवळ कडेपासून दोन बोटे आत टिचकी मारा. सगळीकडे एकच स्वर येईपर्यंत स्क्रू फिरवा. चांगल्या ड्रमवर हे लवकर जमते.

३. अर्धा तास जोरात वाजवून दुसरी कसोटी पुन्हा घ्या. स्वर जागच्या जागी राहिले असतील तर धातूकाम चांगले समजावे.

आवाज किती मोठा येतो, ही मात्र कसोटी नव्हे. एका ढोलाऐवजी तसेच दहा ढोल वाजवले तर पातळी १० डेसिबलने वाढते आणि शंभर वाजवले तर २० डेसिबलने. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. वस्तीतला एक ढोलसुद्धा ती सहज ओलांडतो. सततच्या मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातील रोमपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून सरावाला जाताना कानात बोळे घालावेत. पान फाटले तर दुसरे विकत मिळते. कानाचे तसे नाही.