काचेवर दव की बर्फ? थंडीत सकाळी गाडी काढण्याआधी एवढं बघा

डिसेंबर-जानेवारीत चांदवडहून पहाटे मालेगावकडे निघालं की थोड्याच वेळात राहुड घाट लागतो. मुंबई-आग्रा महामार्ग, पुढे-मागे माल भरलेले ट्रेलर, त्यात घाटाचा रस्ता आणि आपल्या काचेवर पांढरा पडदा. बरेच जण हाताने ताटलीएवढी जागा पुसतात आणि निघतात. समोरून ट्रकचे दिवे आले की ओल्या काचेवर उजेड पसरतो आणि त्या ताटलीतूनही काही दिसत नाही. म्हणून काच पूर्ण साफ झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आता ती साफ कशी करायची? यूट्यूबवर शोधलं तर कॅनडा, नॉर्वेचे व्हिडिओ येतात. उणे वीसमधले ते सल्ले आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

मग आपल्याकडे काचेवर बर्फ जमतो तरी का? जमतो, पण क्वचित. शेजारच्या निफाडला डिसेंबर २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता आणि पिकांवर, गवतावर बर्फाचे कण दिसले होते. हवा शून्याच्या वर असताना बर्फ कसा? हवामान केंद्रातला थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत असतो. उघड्यावर उभ्या गाडीची काच आणि टप मात्र रात्रभर निरभ्र आकाशाकडे उष्णता सोडत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. हवेत तीन-चार अंश असले तरी काच शून्याला टेकू शकते. मग त्यावर पडलेलं दव गोठतं. म्हणूनच झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली लावलेली गाडी कोरडी आणि अंगणातली पांढरी, असं दिसतं.

आधी आतून काचेवर बोटाने रेघ ओढा. रेघ उमटली तर ओल आत आहे, तुमच्या श्वासाची. नाही उमटली तर बाहेर आहे. इथेच सगळा घोळ होतो, कारण दोन्हींचे उपाय वेगळे.

ओल आत असेल तर समोरच्या काचेच्या डिफॉगरचं बटण दाबा, तापमान गरमकडे फिरवा आणि एसी चालू करा. हो, थंडीत एसी! एसीच्या गार कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन गळून जाते. ती कोरडी हवा पुढे हीटरमधून गरम होऊन काचेवर येते आणि ओल शोषून घेते. नुसता हीटर लावला तर वेळ जास्त लागतो. आणि एक, आतलीच हवा फिरवणारं रीसर्क्युलेशन बंद ठेवा, नाहीतर तुमचाच श्वास परत परत काचेवर बसणार.

बाहेर नुसतं दव असेल तर वायपरचे दोन फटके पुरे. पांढरा खरखरीत थर असेल तर मात्र वायपर लावू नका, रबर काचेला चिकटलेलं असतं आणि फाटतं. उकळतं पाणी तर अजिबात नको. काचेचा एक भाग एकदम प्रसरण पावतो, बाकीचा गारच राहतो. महामार्गावर खडी उडून काचेवर बारीक टवका उडालेला असेल, तर तिथूनच तडा पळतो. त्यापेक्षा बोअरचं ताजं पाणी घ्या. जमिनीखालून आलेलं हे पाणी पहाटे हाताला कोमट लागतं. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला पहाटे विहिरीचं-बोअरचं पाणी देतात, ते याच कारणाने. एक-दोन तांबे ओतले की पातळ थर सुटतो, आणि आपली हवा शून्याच्या वर असल्याने ते पाणी सहसा पुन्हा गोठत नाही. मग वायपर मारा.

इंजिन दहा मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवायची गरज नाही. ती सवय चोक ओढायच्या, कार्बोरेटरच्या गाड्यांची. आताच्या गाडीत सेन्सर इंजिनचं तापमान बघतो आणि कॉम्प्युटर त्यानुसार पेट्रोल सोडतो. अर्धा-एक मिनिट ऑइल फिरू द्या, काच साफ असेल तर निघा, आणि पहिले काही किलोमीटर जोरात रेस करू नका. हीटरला उष्णता इंजिनच्या कूलंटमधून मिळते. उभ्या गाडीत कूलंट हळूहळू तापतो, चालत्या गाडीत लवकर. डिझेल गाडीत चावी फिरवल्यावर स्प्रिंगसारखी पिवळी खूण दिसते. ती विझल्यावरच स्टार्टर मारा.

गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरायला जास्त जोर लागतो. जुनी बॅटरी नेमकी तेव्हाच दगा देते. स्टार्टर एका वेळी पाच-सात सेकंदच मारा, मधे अर्धा मिनिट थांबा. मागच्या काचेवरच्या बारीक रेघा म्हणजे विजेवर तापणाऱ्या तारा, त्या इंजिन सुरू झाल्यावरच चालू करायच्या.

काही नव्या गाड्या मोबाइलमधल्या अॅपवरून चालू करून आधीच उबदार करता येतात. इलेक्ट्रिक गाडीत तर ही सोय भारीच आहे, चार्जरला लावलेली असतानाच केबिन गरम केली तर रेंज वाचते. पण गाडी पेट्रोल-डिझेलची आणि बंद गॅरेजमध्ये उभी असेल तर पांघरुणातून ते बटण दाबू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गॅरेज घराला लागून असेल तर तो घरातही शिरतो. आधी शटर पूर्ण उघडा, गाडी बाहेर काढा, मग तापवा. जी गाडी उघड्यावरच लावावी लागते तिच्या काचेवर रात्री पुठ्ठा किंवा जुनं बेडशीट टाका, टोकं दारात अडकवा.