शशिकलाताई काकोडकर: वारसा आणि कर्तृत्व

गोव्याविषयी बोलणे निघाले की ते समुद्र आणि काजू यांच्यापलीकडे सहसा जात नाही. मी पेडणे तालुक्यातील केरीची. म्हणून आमच्याच तालुक्यात जन्मलेल्या, गोव्याच्या पहिल्या आणि आजवरच्या एकमेव महिला मुख्यमंत्र्यांची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटले.

शशिकलाताईंचा जन्म ७ जानेवारी १९३५ रोजी पेडणे येथे झाला. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे त्यांचे वडील. ताईंनी पदवीचे शिक्षण धारवाडला घेतले, ही गोष्ट आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांनाही जवळची वाटेल. १९६७ साली त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे विधानसभेत निवडून आल्या व १९७२ साली मंत्रिमंडळात गेल्या. १२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊसाहेब निवर्तले आणि मुख्यमंत्रिपद ताईंकडे आले.

‘बापाची खुर्ची लेकीला मिळाली, त्यात विशेष ते काय?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. अमेरिकेतही आधीच्या महिला गव्हर्नर पतीच्या मागून त्या पदावर आल्या होत्या. पतीच्या पुण्याईशिवाय निवडून आलेल्या पहिल्या गव्हर्नर एला ग्रासो यांनी १९७५ साली सूत्रे घेतली. परंतु खुर्ची कशी मिळाली याइतकेच, तिच्यावर बसून काय केले हेही पाहिले पाहिजे.

ताईंच्या कारकिर्दीत दोन महत्त्वाचे कायदे झाले. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यास आमच्याकडे मुंडकार म्हणतात. १९७५ च्या कायद्याने त्याला घरातून हुसकावून लावण्यास बंदी झाली आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला मिळाला. १९७६ साली कूळ कायद्यात पाचवी दुरुस्ती होऊन, खंड भरून शेत कसणारे कूळ त्या शेताचे मालक मानले गेले.

आमचे घरही मुंडकारीतलेच. पूर्वी भाटकाराला विचारल्यावाचून साधी पडवी वाढवता येत नसे, असे आजी सांगते. वाणिज्य शाखेत आम्ही मालमत्ता आणि देणे यांचे तक्ते मांडतो; पण पायाखालची जमीन दुसऱ्याची असली म्हणजे माणसाचे बोलणेसुद्धा कसे दबते, हे त्या तक्त्यात दिसत नाही.

१९७७ च्या निवडणुकीनंतर ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. एप्रिल १९७९ मध्ये पक्षातील फुटीमुळे त्यांचे सरकार कोसळले. पुढे १९९० साली शिक्षणमंत्री असताना, मराठी-कोकणीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यावे, असे धोरण त्यांनी आणले. ते इंग्रजीची ओढ असलेल्या पुष्कळ पालकांना रुचले नाही. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

कायदा झाला, तरी काम संपलेले नाही. कुळाला किंवा मुंडकाराला ठरलेली किंमत भरून मामलेदाराकडून खरेदीचा दाखला घ्यावा लागतो, आणि अशी कितीतरी प्रकरणे वर्षानुवर्षे रखडली आहेत. आपल्यापैकी ज्यांची घरे अशा जमिनीवर आहेत, त्यांनी सुट्टीत घरी गेल्यावर आपले कागद एकदा अवश्य पाहावेत.