निधीसाठी गायचं असेल तर

नाताळ जवळ आला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चर्चच्या तरुण संघांमध्ये तालमींची गडबड सुरू होते. रात्री घरोघरी कॅरल गात फिरायचं, जमलेल्या पैशातून आजाऱ्याला, विधवेला किंवा एखाद्या वसतिगृहाला मदत करायची, हा क्रम बहुतेकांच्या परिचयाचा आहे. मंडळ जरा जमलं, दोन-चार चांगले गळे मिळाले, की पुढची पायरी म्हणून तिकीट लावून सभागृहात मैफल करण्याचा विचार येतो. मोठा कार्यक्रम म्हणजे मोठी मदत, असं साधं गणित त्यामागे असतं. हे गणित मला पटत नाही. मदतनिधीसाठी गाणाऱ्या तरुण मंडळाने अंगानं हलकं राहावं. वाद्यं एका गाडीत मावतील एवढीच असावीत, गाणी आपल्या चालीची असावीत आणि श्रोता आपल्याकडे यायची वाट न बघता आपणच त्याच्याकडे जावं.

आधी खर्च बघू. सभागृहाचं भाडं, ध्वनिव्यवस्था, फलक, एकसारखे कपडे, मुलांचा नाश्ता आणि रात्री उशिरा घरी पोचवायची गाडी हे सगळं पहिलं तिकीट विकण्याआधीच ठरलेलं असतं. उत्पन्नाला मात्र खुर्च्यांची मर्यादा असते. याचं जुनं उदाहरण बघा: संगीतकार हॅन्डेलचा ‘मसीहा’ हा गानप्रबंध १७४२ मध्ये डब्लिन शहरात पहिल्यांदा गायला गेला, तो धर्मादायासाठीच. दोन रुग्णालयं आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी यांच्यासाठी ते उत्पन्न होतं. तेव्हा स्त्रियांनी फुगीर घागऱ्यांच्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती आयोजकांनी केली होती, कारण तेवढ्याच जागेत आणखी माणसं बसवायची होती. सुमारे ७०० लोक दाटीवाटीने बसले आणि त्या पैशातून १४२ कैदी सुटले. पण तिथं हॅन्डेल होता, आणि तिकीट घेऊ शकणारा श्रीमंत वर्ग चालत येण्याच्या अंतरावर होता. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा आहे. एका टोकाला अकोले, दुसऱ्या टोकाला जामखेड. शहरातल्या सभागृहात ज्यांना आणायचं, ते बहुतेक मुलांचे नातेवाईकच असतात. म्हणजे एकाच घरातून पैसे फिरवून घेतल्यासारखं होतं.

हलकं राहण्याची युक्ती इथं नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. त्या मंडळींच्या उपासनेत भाषांतरित गीतं परदेशी चालींवर गायली जात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पुढे नगरला काम करणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या आणि भजनाच्या वळणाची शेकडो गीतं लिहिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांचा आहे. याचं मोल बहुधा भक्तीच्या किंवा साहित्याच्या अंगानं सांगितलं जातं. तालमीच्या अंगानं पाहिलं तर त्यात व्यवहारही दिसतो. तरुण मंडळात मुलांना पेटीची काळी एक-दोन पट्टी सोयीची पडते, मुलींना काळी चार-पाच. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो, तो दर आठवड्याला वेगळ्याच पट्टीत सापडतो. चार आवाजांची पाश्चात्त्य रचना घेतली तर सोप्रानो, आल्टो, टेनर, बास यांची प्रत्येकाची ओळ स्वतंत्र बसवावी लागते. सहामाही परीक्षा आली, टेनरमधले दोघे गळले, की गाणं लंगडं पडतं. भजनाची घडण वेगळी आहे. पुढचा गायक कडवं म्हणतो, झीलकरी धृपद उचलतात. पेटी, ढोलकी आणि टाळ पुरतात. कडव्याला एकदा मुलगा, एकदा मुलगी पुढे करून पट्टीचा प्रश्नही बराचसा सुटतो. दोघे गैरहजर राहिले तरी धृपद पडत नाही. शिवाय ऐकणाराही तिसऱ्या वेळेला त्यात आवाज मिळवतो, ही सोय तिकिटाच्या मैफलीत क्वचितच असते.

हे सोपं आहे असं मात्र कुणी समजू नये. एका स्वरात वीस जणांनी गाणं ही मोठी परीक्षा आहे, कारण चूक लपवायला दुसरी ओळच नसते. तालमीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो शब्दाच्या शेवटावर. एकानं ‘त’ आधी तोडला आणि दुसऱ्यानं मागून, की तो टाळ्यांचा चुकार ठोका वाटतो. श्वास कुठं घ्यायचा हे ठरवलं नाही तर सगळे एकदम घेतात आणि ओळीच्या मधोमध भोक पडतं. लय तर चढतेच. टाळ वाजवणारा उत्साही असेल तर तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं धावायला लागतं. आणि प्रत्येक मंडळात एक दणदणीत गळा असतो. तो मागच्या रांगेत उभा करणं हे शिकवणाऱ्याचं निम्मं काम.

आपल्या चालीचा निधीला फायदा होतो, याचा सर्वांत ठळक पुरावा अमेरिकेतला आहे. गुलामीतून सुटलेल्यांसाठी नॅशव्हिलला काढलेलं फिस्क विद्यालय पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होतं. १८७१ च्या ऑक्टोबरमध्ये तिथले नऊ तरुण गायक-गायिका निधी गोळा करायला बाहेर पडले. सुरुवातीला ते गोऱ्या श्रोत्यांच्या ओळखीची सभ्य गाणी गात होते आणि प्रतिसाद बेताचा होता. वाटेत एका कार्यक्रमाची पन्नास डॉलरहूनही कमी कमाई त्यांनी शिकागोच्या आगीत होरपळलेल्यांना देऊन टाकली, स्वतःकडे पैसे नसताना. पुढे त्यांनी आईबापांची, गुलामीच्या दिवसांतली भक्तिगीतं गायला घेतली आणि चित्र पालटलं. त्यांच्या कमाईतून उभी राहिलेली इमारत, ज्युबिली हॉल, १८७६ मध्ये पूर्ण झाली.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: चार आवाजांचं गायन मुलांना दुसऱ्याचं ऐकत स्वतःची ओळ धरायला शिकवतं, ते सोडलं तर संगीतशिक्षणाचं नुकसान होईल. हे खरं आहे. म्हणून ते सोडू नये. रविवारच्या उपासनेसाठी, वर्षभर, निवांत बसवावं. निधीची घाई आणि अर्धवट बसलेली हार्मनी यांची गाठ घालू नये एवढंच. दुसरे म्हणतात, मग गाता तरी कशाला, थेट वर्गणीच मागा. पण वर्गणी मागणारा दारात दोन मिनिटं उभा राहतो आणि लोक त्याला टाळायला शिकतात. गाणाऱ्यांसाठी दार उघडावं लागतं, म्हातारी माणसं बाहेर येतात, चहा होतो. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकांनीही समाजवादी विचार महाराष्ट्रभर नेला तो गाण्यांच्या आधारानं. भाषणाला न येणारा माणूस गाण्याला येतो, हे त्यांना ठाऊक होतं. धर्माचा संशय हा तिसरा मुद्दा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मदत कुणाला आणि का, हे गाण्याआधी सांगितलं, घेणाऱ्याची जात-धर्म विचारला नाही आणि पैसे दिल्याचा कागद लोकांना दाखवला, तर संशयाला जागा उरत नाही. मदत घेणाऱ्या मुलांना मात्र व्यासपीठावर उभं करून टाळ्या घेऊ नयेत. त्यानं निधी वाढत असला तरी करू नये.

कायद्याच्या तीन बाबी मंडळाच्या चालकानं आधीच बघाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कारणासाठी पैसे गोळा करणाऱ्यांना धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेश मंडळं हे दरवर्षी करतात. स्वामित्वहक्काच्या कायद्यातही हौशी मंडळाला सूट आहे, पण ती फुकट ऐकणाऱ्या श्रोत्यांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी गाताना. तिकीट लावून रुग्णालयासाठी चित्रपटगीत गायलं तर ती सूट मिळेलच असं नाही. टिळक १९१९ मध्ये वारले, त्यांच्या गीतांना ही अडचण येत नाही. आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. टाळ-पेटीवाल्या मंडळाला त्याची गरजही पडू नये.

तेव्हा यंदा अंगणात मुलं गायला आली तर पैसे जरूर द्या, पण पावती मागा आणि मागच्या वर्षीचा हिशेबही विचारा. जे मंडळ तो लगेच दाखवेल, त्याला पुढच्या वर्षी स्वतःहून बोलवा.