डांबरी रस्त्यासाठी लागणाऱ्या बिटुमेनचे परिमाण : गणनपद्धती आणि बेसाल्ट खडीचा प्रश्न

प्रस्तावना

डांबरी रस्त्याच्या खर्चात बिटुमेन हा वजनाने अल्प परंतु किमतीने मोठा घटक होय. वरच्या थराच्या शंभर किलो मिश्रणात तो पाच-साडेपाच किलोच असतो. मात्र खडीचे कण एकमेकांस धरून ठेवणे आणि पाण्यास अटकाव करणे ही दोन्ही कामे त्यालाच करावी लागतात. म्हणून अंदाजपत्रकातील त्याच्या परिमाणाची चूक केवळ हिशेबापुरती राहत नाही. सार्वजनिक निधी आणि रस्त्याचे आयुष्य या दोहोंवर तिचा परिणाम होतो. हे परिमाण कसे काढले जाते आणि महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या खडीमुळे त्यात कोणती दक्षता घ्यावी लागते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संज्ञांचा अर्थ

व्यवहारात 'डांबर' हा शब्द सरसकट वापरला जातो. शास्त्रीय दृष्ट्या दगडी कोळशापासून मिळणारे ते डांबर आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे ते बिटुमेन. आज रस्त्यांसाठी बिटुमेनच वापरले जाते. भारतीय मानकानुसार त्याची प्रतवारी व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशी विष्यंदतेवरून केली जाते. खडी, कच, भरड पूड आणि बिटुमेन यांच्या एकत्रित द्रव्यास येथे 'मिश्रण' म्हटले आहे.

क्षेत्रफळावर आधारित गणना

पातळ थरांसाठी बिटुमेनचे प्रमाण क्षेत्रफळावर ठरते. २० मि.मी. जाडीच्या खुल्या प्रतीच्या कारपेटसाठी दर १० चौ.मी.ला १४.६ किलो बिटुमेन विहित आहे. ३.७५ मी. रुंदीच्या एक कि.मी. ग्रामीण रस्त्याचे क्षेत्रफळ ३,७५० चौ.मी. होते, म्हणजे कारपेटसाठी ५,४७५ किलो बिटुमेन लागते. त्यावरील सील कोट 'अ' प्रकारचा असल्यास दर १० चौ.मी.ला ९.८ किलो, म्हणजे एकूण ३,६७५ किलो. 'ब' प्रकारचा असल्यास ६.८ किलो, म्हणजे २,५५० किलो. अंदाजपत्रकात केवळ 'सील कोट' एवढेच लिहिले आणि प्रकार नमूद केला नाही, तर एका किलोमीटरमागे ११२५ किलोंची संदिग्धता राहते.

प्राइम कोट व टॅक कोट यांसाठी बहुधा इमल्शन वापरतात. इमल्शन म्हणजे पाण्यात विखुरलेले बिटुमेन होय. प्राइम कोटच्या एसएस-१ इमल्शनमध्ये बिटुमेनचा अंश किमान ५० टक्के, तर टॅक कोटच्या आरएस-१ मध्ये किमान ६० टक्के असावा लागतो. म्हणून इमल्शनचे किलो आणि बिटुमेनचे किलो एकाच रकान्यात मिळवता येत नाहीत.

घनफळावर आधारित गणना

जाड थरांसाठी पुढील सूत्र वापरले जाते :

बिटुमेनचे वजन = लांबी × रुंदी × दबाईनंतरची जाडी × मिश्रणाची घनता × बिटुमेनचे शेकडा प्रमाण

७ मी. रुंदीच्या एक कि.मी. रस्त्यावर ४० मि.मी. बिटुमिनस काँक्रीटचा थर घ्यावयाचा आहे, असे समजू. घनफळ २८० घ.मी. होते. घनता २.३५ टन प्रति घ.मी. धरल्यास मिश्रण ६५८ टन आणि ५.४ टक्क्यांनी बिटुमेन ३५.५३ टन होते.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, जाडी ही रोलर फिरल्यानंतरची होय. प्रत्यक्ष पसरताना थर अधिक जाड असतो. दबाईनंतर ४० ऐवजी ३५ मि.मी. जाडी भरली, तर त्या किलोमीटरमध्ये ४.४४ टन बिटुमेन कमी पडलेले असते. दुसरी म्हणजे, टक्केवारी एकूण मिश्रणाच्या वजनावर असते, केवळ खडीच्या वजनावर नव्हे. ५.४ टक्के हे प्रमाण खडीच्या वजनावर समजले, तर मिश्रणातील प्रत्यक्ष प्रमाण ५.१२ टक्के भरते आणि सुमारे १.८ टन बिटुमेन कमी धरले जाते.

बेसाल्ट खडीचा प्रश्न

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या विनिर्देशांच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) ३० ते ४० मि.मी. थराच्या बिटुमिनस काँक्रीटसाठी बिटुमेनचे किमान प्रमाण ५.४ टक्के दिले आहे. मात्र ते २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या खडीसाठी आहे. खडी त्याहून जड असल्यास हे प्रमाण त्याच हिशेबाने कमी करण्याची मुभा तेथे आहे. दख्खनच्या पठारावरील घट्ट बेसाल्टचे विशिष्ट गुरुत्व सामान्यतः २.७ पेक्षा अधिक असते. ते २.८५ धरल्यास किमान प्रमाण ५.१२ टक्के येते. तथापि खडी जड असल्याने मिश्रणाची घनताही वाढून सुमारे २.४८ होते. या दोन बदलांपैकी एकच केल्यास काय होते, ते वरील उदाहरणावरून पाहता येईल :

(अ) केवळ टक्केवारी कमी केली : ६५८ टनांचे ५.१२ टक्के, म्हणजे ३३.६९ टन.
(आ) केवळ घनता वाढविली : ६९४.४ टनांचे ५.४ टक्के, म्हणजे ३७.५० टन.
(इ) दोन्ही बदल केले : ६९४.४ टनांचे ५.१२ टक्के, म्हणजे ३५.५५ टन.

तिसरे उत्तर मूळच्या ३५.५३ टनांशी जवळजवळ जुळते. हा योगायोग नव्हे. बिटुमेनचे काम खडीच्या पृष्ठभागावर पापुद्रा धरणे आणि कणांमधील पोकळी भरणे हे आहे. ही गरज घनफळाची असते, वजनाची नव्हे. खडी जड झाली म्हणून पोकळी कमी होत नाही. टक्केवारी घटते, परंतु लागणारे बिटुमेन तेवढेच राहते.

वरील आकडे प्राथमिक अंदाजासाठी आहेत. अंतिम प्रमाण मार्शल चाचणीतून, प्रत्यक्ष खाणीतील खडीवरून ठरविले जाते. सच्छिद्र बेसाल्ट काही बिटुमेन शोषून घेतो. म्हणूनच खडीचे जलशोषण २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा निर्बंध आहे.

प्रमाणातील फरकाचे परिणाम

बिटुमेन कमी पडल्यास पापुद्रा पातळ होतो, खडी सुटू लागते आणि पावसाळ्यात पाणी आत शिरून खड्डे पडतात. अधिक झाल्यास उन्हाळ्यात ते पृष्ठभागावर येते, रस्ता निसरडा होतो आणि अवजड वाहनांच्या चाकोऱ्या उमटतात. म्हणून कोणत्याही बाजूची चूक सुरक्षित मानता येत नाही. कामावरील प्रमाणात ०.३ टक्क्यांपर्यंत फरक ग्राह्य धरला जातो. तो क्षुल्लक वाटला, तरी वरील उदाहरणात त्याचे वजन सुमारे दोन टन भरते.

निष्कर्ष

बिटुमेनचे परिमाण काढण्यासाठी गुणाकार आणि शेकडेवारी एवढेच गणित पुरेसे आहे. अडचण असते ती गृहीतकांची. अंदाजपत्रकात दबाईनंतरची जाडी, घनता, टक्केवारीचा आधार, खडीचे विशिष्ट गुरुत्व आणि सील कोटचा प्रकार या पाच बाबी स्पष्टपणे नोंदविल्या, तर मोजमाप पुस्तक, गाभा-नमुना आणि बिटुमेन निष्कर्षण चाचणी यांच्याशी त्यांचा मेळ घालता येतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अशी अंदाजपत्रके नागरिकांना मागता येतात. म्हणून हे गणित अभियांत्रिकीपुरते न ठेवता गणित, भूशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या अध्यापनातही उदाहरण म्हणून घेण्याजोगे आहे.